शोधनिबंधांची संख्या आणि कोलारची खेडी

मेंदूशास्त्रज्ञ विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांचे काम शोधनिबंधांच्या संख्येवरून मोजावे, असे काही जण सुचवतात. त्याला माझी थोडी हरकत आहे. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधनाचे केंद्र यांची त्यांनी केलेली उभारणी अशा गणतीत येतच नाही. त्याहून मोलाचा मला कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेला, उतारवयातील विस्मरणाचा अभ्यास वाटतो, ज्यात ४५ वर्षांवरील सुमारे १०,००० ग्रामस्थांची स्मरणशक्ती, रक्त आणि मेंदूच्या प्रतिमा दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा तपासण्याची योजना आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला विस्मरणाची चाचणी म्हणून घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर झालेली चूक विस्मरणाची की निरक्षरतेची, हे कसे ठरवायचे? (परभणीकडच्या आमच्या आजी अंगठा उठवत, पण तिथी कधी चुकल्या नाहीत.) मराठवाड्यात असा अभ्यास करायचा झाल्यास, परदेशी विद्यापीठाशी करार करण्याआधी गावच्या आशाताईंना सोबत घेऊन, आठवडी बाजाराच्या हिशेबावर किंवा फाल्गुन ते चैत्र महिने उलटे म्हणण्यावर आधारलेल्या चाचण्या तयार कराव्या लागतील.