ओनरने आडनाव ऐकून नकार दिला, पार्टी लेखी उत्तर मागतेय. काय लिहू?

घोडबंदरचा_एजंट
भाड्याच्या जागांचं काम करतो. परवा एका जोडप्याला टू बीएचके दाखवला. त्यांना पसंत पडला, ताई टोकनसाठी जीपे उघडत होत्या, तेवढ्यात ओनरचा फोन. "आडनाव काय?" सांगितलं. "नको, सोसायटी चालवून घेणार नाही." मी त्यांना सांगून टाकलं, "फ्लॅट दुसऱ्याला गेला." रात्री त्यांना तोच फ्लॅट माझ्याच जाहिरातीत दिसला! आता कारण लेखी द्या म्हणतायत.

पेठेतला_जुना_ब्रोकर
भाऊ, खोटं बोललात तिथेच फसलात. आधी माफी मागा, मग घडलं तसं लिहून द्या: तारीख, वेळ, ओनरचे शब्द. आणि ओनरला व्हॉट्सअॅपवर विचारा, "नकाराचं कारण लिहून कळवा." फोनवर सगळे वाघ असतात.

सेक्रेटरी_काका
सोसायटीला कशाला मध्ये ओढता? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) लीव्ह अँड लायसन्सला आमची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची. एखादी कमिटी खरंच आडवी आली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

वकीलीणबाई
कायदा तोकडा आहे, पार्टीला उगाच आशा लावू नका. घटनेचं भेदभावबंदीचं कलम १५ खासगी घरमालकाला सरळ लागत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीची 'सभासद पारशीच' ही अटसुद्धा उचलून धरली. पण अस्पृश्यतेपोटी घर नाकारलं असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, तो गुन्हा आहे. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा. महारेराकडे (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) पाठवू नका, भाड्याची तक्रार तिथे चालत नाही.

घोडबंदरचा_एजंट
खरं ते लिहून पाठवलं, जाहिरात उतरवली. ओनरकडे दोन निळ्या टिका, उत्तर नाही. यापुढे जागा दाखवण्याआधीच ओनरला आडनाव कळवत जाऊ का? निदान लोकांची खेप तरी वाचेल.

पेठेतला_जुना_ब्रोकर
अजिबात नको. मग चाळणी ओनरची नाही, तुमची झाली. उलट जागा घेतानाच ओनरला सांगा: भाडं, डिपॉझिट, नोकरीचे कागद, यावर बोलू. जात-धर्माची अट असेल तर दुसरा ब्रोकर बघा.

घोडबंदरचा_एजंट
बघतीलच की हो दुसरा.

पेठेतला_जुना_ब्रोकर
बघतात. माझे तिघे गेले. त्यातला एक चार महिने जागा रिकामी ठेवून परत आला.