गोवर: जनुकीय क्रम जुळला म्हणजे संसर्गाची साखळी एकच का? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ऑन्टारिओत राहते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी गोवरावर लेख लिहायला घेतलाय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. विषाणुशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया समजावून सांगा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू ब्रन्सविकात सुरू झालेली साथ ऑन्टारिओ, अल्बर्टापर्यंत पोचली. एकच विषाणू वर्षाहून जास्त काळ फिरत राहिला, म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने १९९८ पासूनचा गोवरमुक्त दर्जा गमावला. लस मोफत मिळते तिथे हे व्हावं, याचं फार वाईट वाटतं. टेक्सास आणि मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातही याच विषाणूचा, डी८ जनुकप्रकारातला (म्हणजे विषाणूच्या एका जनुकीय गटातला) क्रम सापडला.

पण माझ्या वाचनात आलं की नेहमीच्या तपासणीत विषाणूच्या जनुकीय क्रमातल्या जवळपास १५,९०० अक्षरांपैकी फक्त ४५० वाचतात (एन जनुकातला हा तुकडा, म्हणून नाव एन-४५०). गोवराचा विषाणू बदलतो सावकाश, त्यात आता जगभर बी३ आणि डी८ हे दोनच जनुकप्रकार दिसतात. मग दोन मुलांच्या घशाच्या स्वॅबमधली ४५० अक्षरं तंतोतंत जुळली, तरी दुसऱ्या मुलातला विषाणू परदेशातून नव्याने आलेला नाही, हे कशावरून?

दुसरं, लस टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी बाळाला ताप आला, अंगावर पुरळ उठलं आणि आसपास साथ चालू असेल, तर तो खरा गोवर की लसीचा परिणाम? आया मला हेच विचारतात.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. नुसत्या एन-४५० वरून साखळी ठरत नाही. त्यापुढे एम आणि एफ जनुकांमधला हजारेक अक्षरांचा पट्टा वाचतात. त्यातून प्रथिन बनत नाही, त्यामुळे बदल तिथे जास्त टिकतात. जमलं तर अख्खा जीनोम (विषाणूची सगळी अक्षरं) वाचतात. तरीही रुग्ण कुठे गेला होता, कुणाला भेटला, पुरळ कधी उठलं, ही चौकशी लागतेच. संसर्गापासून पुरळापर्यंत साधारण दोन आठवडे जातात. तारखा त्यात बसत नसतील तर मधला एखादा रुग्ण निसटलाय, किंवा विषाणू बाहेरून आलाय.

लसीचं सोपं आहे. सगळ्या लसींतला विषाणू ए जनुकप्रकाराचा असतो, आपल्या पुण्याच्या सीरमच्या लसीतलाही. तो ओळखायला वेगळी पीसीआर (स्वॅबमधला विषाणू शोधणारी तपासणी) आहे. रक्ताच्या आयजीएम तपासणीत (शरीराने नुकतीच बनवलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या) मात्र हा फरक कळत नाही. म्हणून आयांना सांगा, डॉक्टरांकडे जायच्या आधी फोन करा, लसीची तारीख सांगा आणि पुरळ उठल्यावर पहिल्या काही दिवसांतच घशाचा स्वॅब घ्यायला लावा.