मदत हवी आहे: वाद्यांशिवाय गाताना सूर उतरतो

आम्ही सहा जण पैसे घेऊन कार्यक्रम करतो, साथीला एकही वाद्य नाही. मॅड्रिगल (युरोपातली जुनी, अनेक आवाजांत गायची गाणी), जॅझ आणि चार आवाजांत बांधलेले अभंग-भावगीतं, असं सगळंच. तालीम दादरला. तिघे चर्चच्या क्वायरमधून आलेले, तिघे शास्त्रीय शिकलेले.

अडचण फक्त मराठी गाण्यांत येते. काळी दोनमध्ये सुरू केलेला अभंग संपेपर्यंत पांढरी दोनवर येतो, म्हणजे चक्क अर्धा स्वर खाली. मॅड्रिगल जागच्या जागी राहतं.

श्वास, दमणूक, एसी हे सगळं तपासून झालंय, तेव्हा कृपया ते सुचवू नका. तानपुऱ्याचं ॲप लावलं की सूर टिकतो, बंद केलं की पुन्हा घसरगुंडी. रेकॉर्डिंग ऐकल्यावर संशय गंधारावर आहे. शास्त्रीयवाले तानपुऱ्यातला गंधार लावतात, तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरा, क्वायरवाले पियानोचा. शिवाय या गाण्यांत सा-ध-रे-प-सा या स्वरांवरच्या कॉर्डची (एकदम गायच्या स्वरांच्या गटांची) साखळी सारखी येते. लागोपाठच्या कॉर्डमधला सामाईक स्वर धरून, पियानोच्या नव्हे तर तानपुऱ्याच्या शुद्ध अंतरांनी ती गायली, तर दर फेरीला साधारण २२ सेंट खाली जाते, हे गणित माहीत आहे. (कागदावर सोपं वाटतं!)

मंचावर तानपुरा किंवा इअरफोन चालणार नाही, आणि बांधणी बदलायला आता वेळ नाही.

तर अशा साखळीत नेमका कोणता स्वर, कोणत्या आवाजाने चढा घ्यायचा, आणि त्याचा रियाज तानपुऱ्यावर करावा की पियानोवर?