आण्णांचा आवाज घरातल्या घरात पोचत नाही. गळ्यात किंवा कमरेला अडकवायचा माईक-स्पीकर कुणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांसाठी मदत हवी आहे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय ७३, पार्किन्सन्सचं निदान होऊन ६ वर्षं झाली. एसटीत कंडक्टर होते. भरलेल्या गाडीत मागून 'चला, पुढं सरका' म्हणाले की पार ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत माणसं हलायची. तो आवाज मी स्वतः ऐकलेला आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गाडीनं माहेरी गेले होते तेव्हा. आता मी ओट्यापाशी उभी असताना ते मागे खुर्चीत बसून काही बोलले, तर ते बोलले हेच मला कळत नाही.

हाताची थरथर आणि चालणं गोळ्यांमुळे बऱ्यापैकी ताब्यात आहे. आवाज मात्र गेल्या दोन वर्षांत बसतच गेला. त्यांना स्वतःला तसं वाटत नाही. 'मी एवढं ओरडून सांगतोय, तुमचंच लक्ष नसतं' असं म्हणतात, आणि खरंच दुखावतात. त्यात सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या ते कबूल करत नाहीत. मी आणि हे सकाळी १० ला बाहेर पडतो ते संध्याकाळी ६ ला येतो. मधले आठ तास घरात ही दोघंच. एक बोलतो ते दुसऱ्याला पोचत नाही, म्हणून आता बोलणंच कमी झालंय.

मुलगा आठवीत आहे. आजोबांना सगळे रूट तोंडपाठ, कुठल्या फाट्यावर कुठली मुक्कामी गाडी लागायची ते सगळं. तो रोज विचारायचा. आता दोनतीनदा 'काय?' करतो आणि मग न कळताच 'बरं बरं' म्हणून उठून जातो. आण्णांना ते 'बरं बरं' लगेच ओळखू येतं. त्यांचा चेहरा बघवत नाही.

मागच्या महिन्यात ते परसातल्या बाथरूममध्ये पडले. लागलं फार नाही, पण पंचवीसेक मिनिटं हाका मारत होते. सासूबाई पुढच्या खोलीत होत्या. शेवटी शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं.

म्हणून ऑनलाइन १६५० रुपयांचा एक माईक-स्पीकर मागवला. शिक्षक वर्गात वापरतात तसला, डोक्याला लावायचा वायरचा माईक आणि पट्ट्यात अडकवायचा छोटा स्पीकर. कमरेला जड होतो म्हणून आम्ही तो गळ्यातून छातीवर लटकवला. बोलायला लागले की कर्कश शिट्टी वाजते. हात थरथरतो, त्यात आवाजाची चकती एकदम शेवटपर्यंत फिरते. सासूबाई दचकल्या, आण्णांनी काढून खुंटीला अडकवला. 'रिक्षातून जाहिरात करतोय म्हणतील लोक' म्हणाले. आठ दिवस तिथंच आहे.

हा परत करून दुसरा घ्यावा का? ब्लूटूथचा चांगला असतो का? कुणाच्या घरी पार्किन्सन्सच्या माणसानं असं काही वापरलं असेल तर कृपया लिहा.

– माजघर

खडूफळा:

ताई, परत करायची घाई करू नका. मी प्राथमिक शिक्षिका आहे. स्वरतंतूंवर गाठी आल्यावर कान-नाक-घसा डॉक्टरांनी आवाजावर ताण देऊ नका म्हणून बजावलं, तेव्हापासून ६ वर्षं असला स्पीकर रोज वापरते.

शिट्टी यंत्र खराब असल्यामुळे येत नाही. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो, तो पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो, म्हणून ती किंचाळी. छातीवर स्पीकर म्हणजे तो माईकच्या अगदी खालीच आला. तुम्हाला वर्गात फिरायचं नाहीये. तो अंगावर कशाला हवा? टेबलावर, त्यांच्यापासून हातभर पुढे, ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवा. माईकची वायर आखूड पडली तर जोडवायर मिळते.

माईक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर. अगदी समोर नको, नाहीतर प, फ, भ म्हटलं की फुस्स फुस्स येतं. माईकवरचा स्पंज काढू नका. आवाज शून्यावरून हळूहळू वाढवा, शिट्टी सुरू झाली की थोडा मागे घ्या आणि त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. माईकची पिन घालताना-काढताना आवाज नेहमी शून्यावर, नाहीतर कानठळ्या बसतात. आणि एक जादा माईक घेऊन ठेवा, वायर पिनेपाशीच तुटते. माझ्या आतापर्यंत चार तुटल्या.

सोल्डरगन:

वरच्या ताईंचं सगळं बरोबर. थोडी भर घालतो, कारण लोक वॉट बघून यंत्र घेतात आणि फसतात.

आवाजाचं गणित असं आहे की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो साधारण ६ डेसिबलनं पडतो. हेच उलट्या बाजूनं वापरायचं. माईक तोंडापासून २० सेंमीवर असेल आणि तो ५ सेंमीवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे माईकला १२ डेसिबल फुकट मिळाले. स्पीकरचा आवाज न वाढवता. शिट्टीपासूनही तेवढेच लांब गेलात. घरातल्या खोलीला ५ वॉट पुष्कळ झाले.

ब्लूटूथ नको. त्यात आवाज क्षणभर उशिरा येतो. गाणं ऐकताना ते जाणवत नाही, पण आपलाच आवाज आपल्या कानावर मागून आला की धडधाकट माणसाचीही जीभ अडखळते. ज्यांचं बोलणं आधीच अवघड झालंय त्यांना तो त्रास देऊ नका. बिनवायरचा हवाच असेल तर यूएचएफ (रेडिओ लहरींचा एक पट्टा) किंवा ब्लूटूथ नसलेला २.४ गिगाहर्ट्झवाला बघा, त्यात उशीर नगण्य असतो. सगळ्यात बिनघोर वायरचाच.

चकतीवर ठिपक्यापाशी चिकटपट्टी मारून टाका म्हणजे हात लागून फिरणार नाही. पुढचा घ्याल तेव्हा चकतीऐवजी कमी-जास्तची दोन बटणं असलेला घ्या. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, बदला.

माजघर:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. कालच करून बघितलं. स्पीकर जेवणाच्या टेबलावर ठेवला, ठिपका दिला, चिकटपट्टी मारली. शिट्टी पूर्ण बंद! आण्णा म्हणाले 'मीठ दे', आणि मला पाठमोऱ्या उभ्या असताना ऐकू आलं. मी मीठ दिलं आणि तिथंच रडले.

पण एक अडचण आहे. छोटं वाक्य कळतं, लांब बोलायला लागले की शब्द एकमेकांत मिसळतात, शेवटचे तर गिळलेच जातात. सासूबाई म्हणतात, 'आवाज मोठा येतोय, पण बोलतायत काय ते समजंना.' आता काय करू?

वाचा:

मी स्पीच थेरपिस्ट आहे, पार्किन्सन्सचे बरेच रुग्ण बघते. सासूबाईंनी अगदी नेमकं सांगितलंय. हे यंत्र आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही. पुटपुटणं आत गेलं तर मोठं पुटपुटणं बाहेर येतं.

आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. आण्णा 'मी ओरडतोय' म्हणतात ते खोटं नाही आणि हट्टही नाही. या आजारात मेंदूचं आवाजाचं मापच बदलतं. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं, त्याच्या खाली बोलताना त्यांना आतून ते नेहमीएवढंच वाटतं, आणि तुमच्याआमच्याएवढं बोलायला लावलं तर आपण किंचाळतोय असं वाटतं. त्यामुळे 'मोठ्यानं बोला ना' असं दिवसातून वीसदा म्हणून काही होत नाही, नुसता अपमान होतो. त्यापेक्षा मोबाईलवर दोन मिनिटं गप्पा रेकॉर्ड करा आणि त्यांना ऐकवा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज आणि त्यांचा आवाज शेजारी शेजारी ऐकला की बहुतेकांना पहिल्यांदा पटतं. हे मात्र प्रेमानं, एकांतात करा.

यावर खास व्यायाम आहेत. एलएसव्हीटी लाऊड नावाची पद्धत अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झाली. आठवड्यातून ४ दिवस, रोज एक तास, असे ४ आठवडे, आणि शिवाय घरचा सराव. लांब 'आऽऽ' धरायचा, आवाज वर-खाली न्यायचा, आणि रोजच्या वापरातली १० वाक्यं मोठ्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणायची. सूचना एकच : मोठ्यानं. श्वास, ओठ, जीभ यांच्या वेगळ्या सूचना देत नाहीत. आवाज मोठा काढायला गेलं की तोंड जास्त उघडतं, शब्द सुटे होतात, म्हणजे तुमची दुसरी अडचणही त्यातच कमी होते. ऑनलाइनही होतं. ही १० वाक्यं पेशंटनं स्वतः निवडायची असतात. आण्णांची मला वाचतानाच सुचली : 'चला, पुढं सरका', 'सुट्टे पैसे काढून ठेवा'. जी वाक्यं त्यांनी आयुष्यभर मोठ्यानंच म्हटली आहेत, ती त्यांच्या घशाला माहीत आहेत. गोळीचा परिणाम चांगला असतो त्या तासात सराव घ्या.

स्पीकर बंद करू नका. दमल्यावर, संध्याकाळी, पाहुणे आल्यावर त्याचा आधार लागतोच. फक्त तोच उपचार समजू नका.

आणखी दोन गोष्टी. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरीत होतो का, ते बघा. तसं असेल तर डॉक्टरांना वेळ न घालवता सांगा. आवाज बसतो आणि गिळणं बिघडतं ते पुष्कळदा बरोबरच.

दुसरं, सासूबाईंचे कान तपासून घ्या. वयानं येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात : स, श, फ, च, त असले. स्वर ऐकू येतात म्हणून 'मला ऐकू येतं' असं वाटतं, पण शब्द ओळखू येत नाही. 'समजंना' हा त्यांचा शब्द मला म्हणूनच महत्त्वाचा वाटला. अर्धा दोष कदाचित स्पीकरच्या पलीकडच्या बाजूला असेल. तपासणी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते, कान-नाक-घसा विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांतही होते. तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद करून बोलायचं.

वाटसरू:

पडण्याचा विषय मागे राहतोय म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनाही पार्किन्सन्स होता. पुण्यात असाल-नसाल तरी पार्किन्सन्स मित्रमंडळाशी जरूर संपर्क करा, त्यांच्या सभांमधून आम्हाला फार धीर मिळाला.

पडलेला माणूस माईक लावून बसलेला नसतो. तिथं स्पीकरचा उपयोग शून्य. आम्ही बिनवायरची दारावरची घंटी घेतली होती, प्लगमध्ये लावायची, दिवाही चमकतो अशी. तिचं बटण वडिलांच्या गळ्यात, आणि घंटी आई बसायची त्या खोलीत. बाथरूममध्ये मात्र साधी ओढायची घंटी लावा, आणि दोरी पार फरशीपासून वीतभर वरपर्यंत सोडा. उभ्या माणसाच्या उंचीवरचं बटण खाली पडलेल्याला कधीच सापडत नाही.

माजघर:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

वाटसरूदादा, तुमची दोरी आण्णांना वाचून दाखवली. ते एकदम उठून बसले. माझ्या मिस्टरांनी बाजारातून पितळी घंटी आणली, पण दोरी कुठून कुठं न्यायची, कड्या किती लावायच्या, हे सगळं खुर्चीत बसून आण्णांनी सांगितलं. परसातल्या बाथरूमपासून पुढच्या खोलीपर्यंत, जुन्या गाडीत असायची तशी भिंतीच्या कडेनं. नियमही त्यांचाच : एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, माझ्याकडे या. डबल म्हणजे चला, सगळं ठीक आहे. आता आंघोळ झाली की डबल वाजते आणि सासूबाई चहा ठेवतात. ती घंटी त्यांना स्वच्छ ऐकू येते.

रेकॉर्डिंग ऐकवलं. दोनदा ऐकलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, 'त्या बाईंना फोन लाव.' ऑनलाइन व्यायाम सुरू होऊन दोन आठवडे झाले. रोज संध्याकाळी मुलगा समोर बसून प्रवासी होतो आणि आण्णा त्याला पुढं सरकवतात. काल मी फाटकाशी असताना 'सुट्टे पैसे' एवढं ऐकू आलं. स्पीकर दुपारी जेवताना आणि रात्री वापरतो. ठसका लागतो तोही डॉक्टरांच्या कानावर घातलाय, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. सासूबाई कान तपासायला अजून तयार नाहीत. 'आधी ह्यांचं होऊ दे' म्हणतात. वाचाताई, यावर काही सुचलं तर सांगा.

आणि सोल्डरगनदादा, एक नवीन प्रश्न. आण्णांना पारावर जायचंय. दोन वर्षं गेले नाहीत. जुने ड्रायव्हर-कंडक्टर पाच-सहा जण संध्याकाळी तिथं बसतात. शेजारून रस्ता जातो, ट्रॅक्टर, गाड्या सतत. टेबल नाही, स्पीकर ठेवायला फक्त कट्टा. तिथं ५ वॉट पुरतील का? कट्ट्यावर ठेवला तर त्याचं तोंड कुठल्या बाजूला करायचं? ते रविवारी जायचं म्हणतायत.