शेवरले ३२७ : एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर कंपनीचा नारिंगी रंग असायचा का?

प्रश्न
१९६५ ची शेवरले इम्पाला गाडी, ३२७ (घन इंचांचं) इंजिन, मुक्काम न्यू जर्सी. इंजिन खाली उतरवलं आहे. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेडला (त्यावर बसणारा भाग) शेवरलेचा नारिंगी मारणार आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून जळका धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या) खाचांत, हेडच्या बाजूला, जुना नारिंगी चिकटलेला दिसतो, बाकी सगळा गंज. म्हणजे कारखान्यात मॅनिफोल्डही रंगवायचे का? गाडी मूळ रूपात हवी आहे, पण रंगाचे पोपडे नकोत. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा फिरता दांडा) आणि टॅपेट (त्यावर टेकून झडपा ढकलणारे भाग) नवे आहेत.

उत्तर १
मुद्दाम रंगवत नसत. इंजिन जोडून झालं की मॅनिफोल्डसकटच त्यावर फवारा मारायचे, त्यामुळे हेडलगतच्या भागावर रंग उडायचा. ते साधं इंजिन इनॅमल. आजचं चांगलं इनॅमलही साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंतच टिकतं आणि चढावर मॅनिफोल्ड ५०० च्या पुढे जातं. थोडं चालवलं की रंग जळून जायचा आणि उघडं बीड दिसायचं. खाचा थंड राहतात, म्हणून तुमच्याकडे तिथेच उरलाय. मूळ रूप म्हणजे उघडं बीडच. पूर्ण नारिंगी मॅनिफोल्ड मला तरी चुकीचंच वाटतं.

उत्तर २
उघड्या बिडावर गंज लगेच धरतो, तेव्हा बिडाच्या रंगाचा सिलिकॉन हीट पेंट वापरा, ६५० अंशांच्या वरचा. मॅनिफोल्डला ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा) करा, पण उजव्या बाजूच्या हीट रायझरचा (थंड इंजिन लवकर तापवणाऱ्या झडपेचा) दांडा आधी टेपने झाका. त्यात एक कण जरी अडकला तरी झडप बंद अवस्थेत जाम होते. मग अ‍ॅसिटोनने दोनदा पुसा आणि त्यानंतर हात लावायचा तो हातमोजे घालूनच. बिडाच्या छिद्रांत तेल उरलं की रंग तिथूनच फुगतो. प्राइमर नको. दोन हलके हात, तिसरा जरा ओला, सगळे तासाभरात. हेडला टेकणारा चेहरा कोराच ठेवा. या इंजिनाला कंपनी तिथे गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर) घालत नसे. बोल्ट आवळताना मधले ३० फूट-पाउंड, कडेचे २०.

आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर नंबर ठोकलेली पट्टी आहे ना, तिला ब्लास्टिंग किंवा पॉलिशपेपर अजिबात लावू नका. तिच्यावरच्या बारीक समांतर रेघा गेल्या की इंजिन मूळचं आहे हे पटवणं अवघड.

उत्तर ३
वरचं सगळं बरोबर, पण कॅमशाफ्ट नवा आहे हे विसरू नका. हा रंग टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो. इंजिनावर भाजायचा तर १० मिनिटं आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू), २० मिनिटं थंड, असं करत. फ्लॅट (सपाट तळाच्या) टॅपेटच्या नव्या कॅमला मात्र पहिल्याच स्टार्टला २० मिनिटं २००० आरपीएमवर धरावं लागतं. दोन्ही एकत्र जमत नाही, आयडलवर ठेवाल तर कॅमचे लोब (टॅपेट ढकलणारे उंचवटे) झिजतील. म्हणून मॅनिफोल्ड आधीच भट्टीत भाजून घ्या : १२० अंशांना अर्धा तास, अर्धा तास थंड, मग २०० ला तसंच, शेवटी ३१५ ला अर्धा तास. पावडर कोटिंगवाल्याला विचारा, शेवटचा टप्पा त्याच्या भट्टीला झेपतो का. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, धूर विषारी असतो.

स्टार्ट करण्याआधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा. टायमिंग मागे राहिलं तर त्या २० मिनिटांत मॅनिफोल्ड लालभडक होतं आणि भाजलेला रंगही पांढरट पडून भुकटी होतो.

प्रश्नकर्ता
आभार. हेडलगत थोडा नारिंगी उडवला तर चालेल?

उत्तर १
चालेल. ब्लॉकला रंग देताना जुनी, टाकाऊ मॅनिफोल्ड बोल्टने लावा. फवाऱ्याची कड बरोबर येते. भाजलेली नंतर चढवा आणि खाचांपुरताच हलका फवारा मारा. तो जळेल, जळू द्या.