मदत हवी आहे: हिब्रू-इंग्रजी हुमाश, टीकेसह (आलेली प्रत चुकीची!)

ठाण्याची_मावशी: भाच्याच्या बार मिट्झ्वासाठी (ज्यू मुलाचा तेराव्या वर्षीचा विधी) हिब्रू-इंग्रजी हुमाश मागवला, म्हणजे तोऱ्याची पाच पुस्तकं, खाली टीका असलेला. चांगले पैसे मोजले. आणि त्यात आमचा हफ्ताराच (तोऱ्यानंतर म्हणायचा संदेष्ट्यांचा उतारा) नाही! कुठली आवृत्ती घेऊ? लवकर सांगा, शुक्रवारपर्यंतच परत घेतात.

पेणकर_नातू: नाही म्हणजे? पानं गळलीत की छापलाच नाही? पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोऱ्याचा भाग, कुठला?

निवांत: पंडिता रमाबाईंचं बायबल बघा. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं मराठीत आणलं.

ठाण्याची_मावशी: मराठी नकोय हो. पोराला सिनगॉगमध्ये हिब्रूतून म्हणायचंय.

रशीभक्त: टीका कुणाची आहे? रशी नसेल तर परतच करा. अकराव्या शतकातला फ्रान्समधला माणूस, पण शब्द जिथे अडतो नेमका तिथे बोट ठेवतो.

पेणकर_नातू: तेरा वर्षांच्या पोराला रशीची लिपी? स्वरचिन्हं नाहीत, अक्षरंही वेगळी. मी दोन वर्षं झटापट केली आणि सोडून दिलं.

रशीभक्त: स्वरचिन्हं घातलेला रशीही मिळतो आता. तुमची चिकाटी कमी पडली, त्याला रशी काय करणार?

गोवेकर: बाजूचा प्रश्न. माझी प्रत उलटी बांधलीय, पहिलं पान शेवटी. बदलून मिळेल?

पेणकर_नातू: उलटी नाही हो, हिब्रू उजवीकडून वाचतात!! मावशी, पाराशा?

ठाण्याची_मावशी: शेमोत (निर्गमची सुरुवात). हफ्ताऱ्याला पुस्तकात यशया आहे, हझ्झान (सिनगॉगात प्रार्थना म्हणणारे) म्हणतात यिर्मया.

लोदची_सून: हे आधी सांगायचंत ना! पुस्तक चुकलेलं नाही. शेमोतला अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या रीतीचे ज्यू) यशया २७:६ पासून वाचतात, सेफार्दी (स्पेनकडच्या रीतीचे) यिर्मया १:१ ते २:३. आपण बेने इस्रायल, महाराष्ट्रातले ज्यू, सेफार्दी रीतीचे. प्रत घेताना दोन्ही रीतींचे हफ्तारे आहेत का, तेवढं बघायचं. आत्ता सेफारिया या वेबसाइटवर यिर्मया उघडा. हिब्रू-इंग्रजी शेजारी शेजारी, फुकट. चालीच्या खुणांसकट छापून घ्या, हझ्झानांना त्या लागतील.

निवांत: माझी आजी सिनगॉगला मशीदच म्हणायची. अजून कुणाकडे म्हणतात?

पेणकर_नातू: आमच्याकडे म्हणायचे. पण चाल तोऱ्याची वेगळी आणि हफ्ताऱ्याची वेगळी, हे भाच्याला सांगा. मी बार मिट्झ्वाला तोऱ्याच्या चालीत सुरू केलं होतं. काका अजून हसतात.

ठाण्याची_मावशी: छापलं. पहिलीच ओळ 'दिव्रे यिर्मियाहू', हझ्झान हेच म्हणत होते. सहाव्या ओवीत यिर्मया देवाला सांगतो, मला बोलता येत नाही, मी पोर आहे. भाचा म्हणतो, मावशी, हे तर माझंच आहे. पण पुस्तक ठेवू की परत करू, ते कुणी सांगितलंच नाही.

रशीभक्त: रशी आहे का त्यात?