मदत हवी आहे: बॅनरवर क्लिक भरपूर, संत्रा कलमांचं बुकिंग मात्र नाही

रोपवाटिका_वरुड
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या रोपवाटिकेसाठी गूगलवर डिस्प्ले बॅनर (इतर साइट आणि ॲपमध्ये दिसणारी चित्र-जाहिरात) सुरू आहे. त्रिज्या ४० किमी, बोली ‘मॅक्झिमाइझ क्लिक्स’ (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणा). खर्च ६,००० रुपये, इम्प्रेशन (बॅनर दाखवल्याची नोंद) २ लाख, क्लिक २,४००, फोन फक्त ४. पावसाळी लागवड तोंडावर आहे. बॅनर बदलू, बजेट वाढवू की बंद करू?

मोर्शी_संत्रापट्टा
भाऊ, बजेटला सध्या हात लावू नका. आधी ‘व्हेअर ॲड्स शोड’ (जाहिरात कुठे दिसली) अहवाल खर्चानुसार लावून पाहा. वरती गेम, टॉर्च, लहान मुलांची गाणी अशी ॲप दिसली तर दुखणं सापडलं. तुमचा क्लिकदर, म्हणजे इम्प्रेशनमागे क्लिक, १.२ टक्के पडतो. फोन येत नसताना डिस्प्लेला इतका दर मिळणं ही शंकेची खूण आहे. यंत्रणेला क्लिक मागितले की ती स्वस्त क्लिक आणते, आणि खेळता खेळता अंगठा चुकून पडतो तिथलाच क्लिक सर्वांत स्वस्त असतो.

एक्स्क्लूजन्समध्ये सगळ्या ॲप कॅटेगरी वगळा. हवामान आणि बाजारभावाची ॲपही त्यात जातील. ती वेगळ्या कॅम्पेनमध्ये नावानिशी घ्या. लोकेशन ऑप्शनमध्ये ‘प्रेझेन्स’ निवडा, नाहीतर वरुडमध्ये नुसता रस दाखवणारे पुण्या-मुंबईचे लोकही धरले जातात. ४० किमीत पांढुर्णाही येतं. तिकडे संत्रा आहे, पण गाडीभाडं परवडत असेल तरच ठेवा.

आणि हिशेब मांडा. ६,००० वर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८० झाले. ६ बाय ६ मीटरवर एकरी साधारण ११० कलमा लागतात. कलमेमागे १० रुपये सुटत असतील तर जवळपास साडेसहा एकरांचं बुकिंग आल्यावर नुसती जाहिरात फिटते.

वर्धा_डिजिटल
वरच्याशी सहमत. पान उघडताच पहिल्या पडद्यावर फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण हवं, आणि दोन्हींवरचे टॅप कन्व्हर्जन (कामाची कृती) म्हणून मोजा. गावात नेटवर्क अडखळतं, जड फोटोंचं पान उघडायच्या आत माणूस परत फिरतो. बॅनरवर बागेचा फोटो नको. एकच कलम जवळून दाखवा: जंबेरी खुंटावर वीतभर उंचीवर बांधलेला डोळा आणि तंतुमुळं स्पष्ट दिसू द्या. शेतकरी कलम हातात घेऊन तेच पाहतो. मथळा ३० अक्षरांत बसवा.

रोपवाटिका_वरुड
अहवालात खरंच गेमच गेम आहेत! पण क्लिक न करता नुसतं पाहून लक्षात ठेवणारेही असतील ना? ते कसे मोजायचे?

मोर्शी_संत्रापट्टा
असतात, म्हणूनच नुसत्या क्लिकवर निकाल देऊ नये. पण इम्प्रेशन म्हणजे पाहिलं असंही नाही. ॲक्टिव्ह व्ह्यूचा कॉलम लावा. बॅनरचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला तरच तिथे ‘व्ह्यूएबल’ धरतात.

मग बॅनर फक्त वरुड-मोर्शीत चालवा, चांदूर बाजार-अचलपुरात बंद ठेवा. बाकी प्रचार दोन्हीकडे सारखाच राहू द्या. फोन उचलला की गाव आणि किती कलमा, एवढं वहीत टिपा. दोन्ही भागांची मागच्या हंगामातली विक्री शेजारी ठेवा. जवळच्या तालुक्यांत विक्री मुळातच जास्त असते, त्यामुळे आकडा नाही, वाढ ताडून पाहा. वाढ सारखीच निघाली तर बॅनर बंद करा आणि तो पैसा सर्च जाहिरातीत (गूगलवर शोधणाऱ्याला दिसणारी) घाला.

रीमार्केटिंग (आधी पानावर येऊन गेलेल्यांनाच पुन्हा जाहिरात) आत्ता नको. तुमच्या यादीत सध्या गेमवालेच भरले आहेत. ॲप वगळल्यानंतर नवी यादी बांधा.